नांदूर मधमेश्वर: गाळाने घडवलेले अभयारण्य

जगातले सर्वांत मोठे राष्ट्रीय उद्यान ग्रीनलंडच्या ईशान्य टोकाला आहे. १९७४ साली स्थापन झालेल्या या उद्यानाचा विस्तार ९ लाख ७२ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या अख्ख्या महाराष्ट्राच्या तिपटीहूनही जास्त. त्याच अक्षांशांवर पूर्वेकडे सरकत गेलो की रशियाच्या तैमिर द्वीपकल्पात आणि कारा समुद्रातल्या बेटांवर पसरलेले ‘ग्रेट आर्क्टिक’ हे राखीव क्षेत्र लागते. ते १९९३ साली जाहीर झाले. त्याचा विस्तार ४१ हजार ६९२ चौरस किलोमीटर. नाशिक जिल्हा साडेपंधरा हजारांचा, म्हणजे अडीच नाशिक जिल्हे त्यात आरामात मावतील. तिथे ध्रुवीय अस्वले आहेत, रेनडियर आहेत, पांढरी घुबडे आणि आर्क्टिक कोल्हे आहेत. उन्हाळ्यात तिथे कित्येक आठवडे सूर्य मावळत नाही आणि त्या अखंड उजेडात टुंड्राच्या दलदलीवर डास-चिलटांचे असे काही पीक येते, की हजारो किलोमीटर उडून गेलेले पक्षी तिथेच अंडी घालून पिल्ले वाढवतात.

त्या पक्ष्यांत एक आहे छोटा टिलवा. चिमणीएवढा जीव, वजन पंचवीस-तीस ग्रॅम. युरोप आणि आशियाच्या अगदी उत्तरेकडचा टुंड्रा हे त्याचे प्रजननाचे क्षेत्र, आणि तैमिर त्यातच येते. ऑगस्ट संपता संपता तिथे थंडी उतरते, जमीन गोठते आणि चोच खुपसायला जागा उरत नाही. मग हा टिलवा दक्षिणेची वाट धरतो. त्यातले काही निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवा या नद्यांच्या संगमाजवळच्या चिखलात उतरतात. त्या जागेचे नाव नांदूर मधमेश्वर.

नाशिक जिल्ह्यात राष्ट्रीय उद्यान एकही नाही. महाराष्ट्रातली सहा राष्ट्रीय उद्याने ताडोबा, नवेगाव, पेंच, गुगामल, बोरिवलीचे संजय गांधी आणि चांदोली ही आहेत, आणि त्यांतले एकही आपल्या वाट्याला आलेले नाही. आपल्याकडे आहे ते १९८६ साली जाहीर झालेले, सुमारे शंभर चौरस किलोमीटरचे पक्षी अभयारण्य. त्यातला पाण्याचा आणि दलदलीचा जो गाभा पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेला, तो तर फक्त १,४३७ हेक्टरांचा आहे. तैमिरचे राखीव क्षेत्र याच्या जवळजवळ तीन हजार पट मोठे. तरीही या दोन जागा एकाच व्यवस्थेची दोन टोके आहेत, आणि एक टोक सुटले तर दुसरे कितीही मोठे असून उपयोग नाही, हे मला या लेखात सांगायचे आहे.

आधी ही जागा झाली कशी, ते पाहू. कारण नांदूर मधमेश्वर कुणी पक्ष्यांसाठी बांधलेले नाही.

गोदावरी त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवर उगम पावते, नाशिक शहरातून वाहत खाली येते आणि वाटेत दारणा तिला मिळते. कादवा दिंडोरीकडच्या डोंगरांतून येते. सह्याद्रीच्या माथ्यावर इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो, आणि तिथून पूर्वेला निफाडपर्यंत यावे तो हा आकडा पाचशेच्या घरात उतरलेला असतो. म्हणजे पाणी डोंगरात आणि तहान पठारावर. हे गणित सोडवायला इंग्रज सरकारने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या खोऱ्यात बांधकामे काढली. वर दारणेवर मोठे धरण, आणि खाली नांदूरला संगमाच्या पुढे दगडी बंधारा. १९०७ साली सुरू झालेले बंधाऱ्याचे काम १९११ साली पुरे झाले. पाटबंधारे खात्यातले लोक याला ‘पिकअप वेअर’ म्हणतात. वरच्या धरणांतून नदीत सोडलेले पाणी इथे अडवायचे, त्याची पातळी थोडी उचलायची आणि डाव्या-उजव्या कालव्यांत वळवायचे, एवढेच त्याचे काम. कोपरगाव-राहाता पट्ट्यातला ऊस आणि तिथले साखर कारखाने या पाटपाण्यावर उभे राहिले. पुढे वैजापूर-गंगापूरकडे जाणारा जलदगती कालवाही इथूनच निघाला.

बंधाऱ्याने पाणी अडवले आणि पाण्याबरोबर येणारी मातीही अडवली. पावसाळ्यात गोदा आणि कादवा काळ्या रानांतून, नांगरलेल्या शेतांतून माती उचलून आणतात. प्रवाह जोरात असतो तोवर माती पाण्यात तरंगत राहते. बंधाऱ्याच्या फुगवट्यात पाणी संथ झाले की आधी वाळू बसते, मग रेती, आणि शेवटी पिठासारखा बारीक गाळ. असे शंभर-सव्वाशे पावसाळे झाले. साठ्याचा मोठा हिस्सा गाळाने गिळला. पाण्यात बेटे वर आली, बेटांवर बाभळी वाढल्या, कडेने पाणकणीस आणि लव्हाळ्याची गर्दी झाली, पाण्याखाली पाणवनस्पतींची कुरणे तयार झाली. अभियंत्यांच्या हिशेबात हा निव्वळ तोटा आहे, आणि त्यांच्या जागी ते बरोबर आहेत. नदीकाठच्या गावांचाही गाळावर राग आहे, आणि तोही खरा आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये चांदोरी-सायखेड्यात पाणी शिरले तेव्हा लोकांनी काय सोसले हे निफाड तालुक्यात कुणाला सांगावे लागत नाही. पण पक्ष्यांच्या दृष्टीने पाहाल तर हा गाळ म्हणजे अभयारण्याचा पायाच.

कारण पक्ष्याला पाणी किती यापेक्षा ते किती खोल हे महत्त्वाचे असते. खोल आणि स्वच्छ पाण्याने काठोकाठ भरलेले धरण पाहायला सुंदर दिसते, पण पाणपक्ष्यांना तिथे फारसे काही मिळत नाही. तळापर्यंत ऊन पोहोचत नाही, म्हणून तिथे वनस्पती नाहीत. वनस्पती नाहीत म्हणून किडे, गोगलगाई, झिंगे नाहीत. उथळ पाण्यात हे सगळे असते. नांदूर मधमेश्वरला गाळाने जो तळ घडवला आहे, तो एकसारखा सपाट नाही. कुठे बोटभर पाणी आहे, कुठे वीतभर, कुठे हातभर, आणि जुन्या नदीपात्राच्या रेषेत पुरुषभर किंवा त्याहून खोल. यातल्या प्रत्येक खोलीचे गिऱ्हाईक वेगळे.

बोटभर पाण्यात आणि त्याच्या कडेच्या ओल्या चिखलात टिलवे आणि धोबी. टिलवा शिवणयंत्राच्या सुईसारखी चोच चिखलात मारत पुढे सरकतो. चोचीच्या टोकाला इतकी संवेदना असते की न दिसणारी अळीही त्याला स्पर्शाने कळते. वीतभर पाण्यात शेकाट्या, लांबलचक गुलाबी-लाल पायांवर उभा. त्याच्याच शेजारी ‘चमचा’. हा पांढरा पक्षी आपली चपटी चोच किंचित उघडून पाण्यात डावी-उजवीकडे फिरवत चालतो आणि चोचीच्या आतल्या बाजूला काहीही लागले की क्षणात मिटतो. चमच्यांचा थवा एका रांगेत असा पाणी ढवळत चालला की त्याच्या पुढे उसळणारे मासे टिपायला बगळे बरोबर मागे-पुढे असतात.

थापट्या बदकाविषयी जरा थांबून सांगायला हवे, कारण दुर्बिणीतून या बदकाची चोच पाहणे हा स्वतंत्र आनंद आहे. नर दिसायला देखणा: हिरवे डोके, पांढरी छाती, विटकरी कुशी. पण चोच डोक्यापेक्षा लांब आणि टोकाला फावड्यासारखी पसरट. या चोचीच्या कडांना आतून बारीक दातांसारखी सुमारे ११० पाती असतात. थापट्या चोच पाण्याच्या पृष्ठभागावर सपाट टेकवून पोहतो. पुढून पाणी आत घेतो, जिभेने बाजूंनी बाहेर ढकलतो, आणि सूक्ष्म जलचर व बिया त्या पात्यांवर अडकतात. दहा-वीस थापटे एका वर्तुळात एकमेकांच्या मागे फिरताना दिसले तर समजावे, की पुढच्याच्या पायांनी खालून उसळलेले अन्न मागचा गाळून घेतो आहे. अन्न गाळण्याची हीच युक्ती रोहित पक्षी डोके उलटे करून वापरतो.

हातभर पाण्यात तलवार बदके. ती बुडी मारत नाहीत. शेपूट आभाळाकडे, डोके पाण्यात अशी उभी राहतात आणि लांब मानेने तळाची कंदमुळे, बिया खातात. इतर बदकांची मान जिथे पोहोचत नाही तिथे यांची पोहोचते, म्हणून एकाच तळ्यात दोघांचे भांडण होत नाही. याच खोलीत चित्रबलाक उभे असतात, अर्धवट उघडी चोच पाण्यात खुपसून. आणि उघड्या चोचीचा करकोचा, ज्याची चोच मिटली तरी मधे फट राहते. पिल्लाची चोच सरळ असते, फट मोठेपणी पडते. गोगलगाय हे त्याचे मुख्य अन्न. शंख फोडण्यासाठी ती फट असावी असे पूर्वी मानत. प्रत्यक्षात तो शंख फोडतच नाही. चोचीचे टोक झाकणाखाली सरकवून आतला स्नायू कापतो आणि मऊ अंग सबंध ओढून काढतो.

खोल पाण्याचे मालक पाणकावळे. आणि या सगळ्यांच्या मधे, सगळ्यात जास्त संख्येने, वारकरी. काळेभोर अंग आणि कपाळावर पांढरा टिळा. नाव कुणी दिले असेल त्याला मनापासून नमस्कार. यांना उडायला पाण्यावरून धावत जावे लागते. भोवत्या शिकारी पक्षी वरून घिरट्या घालू लागला की शेकडो वारकरी एकदम पाणी तुडवत पळतात, आणि तो आवाज काठावर अर्ध्या किलोमीटरपर्यंत स्पष्ट ऐकू येतो.

आता यांच्या येण्याचा रस्ता. स्थलांतरी पाणपक्ष्यांचे जगात काही ठरलेले हवाई मार्ग मानले जातात. आपल्याकडे येणारा तो मध्य आशियाई मार्ग, आर्क्टिक महासागरापासून हिंदी महासागरापर्यंत, तीस देशांवरून जाणारा. तलवार, थापट्या, चक्रांग, भुवई बदक ही सगळी सैबेरिया आणि मध्य आशियातून येतात. चक्रवाक तिबेट-लडाखच्या उंच सरोवरांवरून उतरतात. पट्टकदंब हंस मंगोलिया, तिबेट, किर्गिझस्तानात प्रजनन करतात आणि हिमालय ओलांडून येतात. शास्त्रज्ञांनी त्यांच्या पाठीवर छोटी यंत्रे बसवून मोजले तेव्हा एका हंसाची नोंद ७,२९० मीटर उंचीवर मिळाली. तिथल्या हवेत प्राणवायू समुद्रसपाटीच्या निम्म्याहून कमी. या हंसाच्या रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायू जास्त घट्ट धरते, फुप्फुसे शरीराच्या मानाने मोठी असतात आणि छातीच्या स्नायूंत रक्तवाहिन्यांचे जाळे दाट असते. वाऱ्याच्या पाठबळाची वाट न पाहता ते बहुधा रात्री आणि पहाटे उडतात, कारण थंड हवा घट्ट असते आणि तिच्यात पंखांना आधार जास्त मिळतो.

उत्तरेशी असलेले हे नाते किती खोलवर जाते, त्याचे एक उदाहरण मला फार विलक्षण वाटते. तैमिरमध्ये लेमिंग नावाचा उंदरासारखा प्राणी आहे. त्याची संख्या दर तीन-चार वर्षांनी प्रचंड वाढते आणि मग एकदम कोसळते. लेमिंग भरपूर असतात तेव्हा आर्क्टिक कोल्ह्यांचे पोट त्यांच्यावर भरते. लेमिंग संपले की कोल्हे जमिनीवरची घरटी लुटतात आणि पक्ष्यांची अंडी-पिल्ले फस्त करतात. अशा वर्षी दक्षिणेकडे येणाऱ्या टिलव्यांच्या कुळातल्या पक्ष्यांत त्या वर्षीची पिल्ले फार कमी दिसतात. म्हणजे उत्तर ध्रुवाजवळच्या एका उंदराच्या चढउतारांचा हिशेब हजारो किलोमीटर दूरच्या चिखलात लिहिलेला असतो. म्हणून एखाद्या हिवाळ्यात एखादा पक्षी नांदूरला कमी दिसला की लगेच इथल्याच कुणाला तरी दोषी धरण्याची घाई करू नये. आणि जास्त दिसला म्हणून इथले सगळे ठीक आहे असेही समजू नये. ओळीने पुष्कळ वर्षांच्या नोंदी असल्याशिवाय काही सांगता येत नाही. वनखाते आणि पक्षीमित्र मिळून इथे नियमित पक्षीगणना करतात, तिचे मोल यासाठी मोठे आहे.

नांदूर मधमेश्वरला ‘महाराष्ट्राचे भरतपूर’ म्हणतात. ही पदवी डॉ. सालिम अली यांच्या नावाने सांगितली जाते. ही तुलना नुसती कौतुकाची म्हणून सोडून देऊ नये, तिच्यात शिकण्यासारखे बरेच आहे. भरतपूरचे केवलादेव हे मुळात संस्थानिकांचे शिकारीचे तळे. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या पाहुणचारात तिथे एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले; तो आकडा तिथल्या दगडी फलकावर कोरलेला आहे. पुढे तेच तळे १९८१ साली रामसर यादीत गेले, १९८२ साली राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९८५ साली जागतिक वारसा ठरले. क्षेत्रफळ अवघे एकोणतीस चौरस किलोमीटर, भोवती भिंत, आत गुरांना बंदी. संरक्षण म्हणून जे जे करता येते ते सगळे तिथे केले गेले. तरीही २००१-०२ च्या हिवाळ्यानंतर तिथे सैबेरियन क्रौंच आला नाही. त्याच्या प्रवासाच्या मार्गावर शिकार होत राहिली, आणि भरतपूरची भिंत त्या मार्गाला पुरणारी नव्हती. त्याच दशकात पांचना धरणाचे पाणी शेतीसाठी अडवले गेले आणि उद्यानातले तळे कोरडे पडू लागले. इतके नावाजलेले उद्यान, पण पाण्याची चावी उद्यानाच्या हातात नव्हती.

नांदूर मधमेश्वरच्या पाण्याची चावीही वनखात्याच्या हातात नाही. ती पाटबंधारे खात्याकडे आहे, आणि तिच्यावर हक्क सांगणारे पुष्कळ आहेत. पावसाळ्यात रोज वर्तमानपत्रात छापून येते, की नांदूर मधमेश्वरमधून जायकवाडीकडे इतके क्युसेक विसर्ग सुरू आहे. नाशिक-नगर आणि मराठवाडा यांच्यातल्या पाणीवाटपाचा सगळा वाद या बंधाऱ्याच्या दारांवरून वाहतो. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात कालव्यांची आवर्तने सुटतात. आवर्तन सुटण्याआधी वरच्या धरणांतून पाणी येते आणि फुगवटा भरतो. आवर्तन संपले की उतरतो. उथळ तळे असल्याने पातळी वीतभर खाली-वर झाली तरी काठाचा चिखल एका दिवसात उघडा पडतो किंवा बुडतो. टिलव्यांसाठी मांडलेले ताट कुणीतरी अचानक उचलून न्यावे तसे ते होते, आणि पाणी उतरले की तेच ताट पुन्हा मांडले जाते. म्हणून इथे पक्षी पाहायला येणारा जाणकार माणूस आधी विचारतो, आवर्तन सुरू आहे का.

कायद्यानेही इथली स्थिती राष्ट्रीय उद्यानापेक्षा वेगळी आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार राष्ट्रीय उद्यानात खाजगी हक्क उरत नाहीत आणि गुरे चारता येत नाहीत. अभयारण्यात मात्र लोकांचे काही हक्क चालू ठेवण्याची मुभा असते. चापडगाव, मांजरगाव, खाणगाव थडी, कोठुरे, करंजगाव ही गावे या पाण्याच्या काठावर आहेत. इथे द्राक्षबागा आहेत, ऊस आहे, कांदा, गहू, हरभरा आहे. भल्या पहाटे क्रौंच आणि कांड्या करकोचे याच हरभऱ्यात उतरतात. दिवसभर पाण्यावर निवांत बसलेली बदके अंधार पडला की थव्याने उठून आसपासच्या ओल्या शेतांत चरायला जातात. त्यामुळे अभयारण्याची खरी हद्द नकाशावरच्या रेषेच्या बरीच बाहेर, शेतकऱ्यांच्या बांधांपर्यंत जाते. शेतकऱ्याचे नुकसान होते, तक्रारही असते, आणि तरीही या गावांनी पक्षी राखले आहेत. गावातली तरुण मुले गाइड म्हणून काम करतात. त्यांच्यातले काही जण पक्ष्याचे मराठी, इंग्रजी आणि शास्त्रीय अशी तिन्ही नावे एका दमात सांगतात, आणि उडत्या थव्याच्या आवाजावरून बदक ओळखतात.

उसात बिबट्या आहे. निफाड तालुक्यात हे नवल राहिलेले नाही. उंच, दाट, पाण्याजवळचा ऊस मादीला पिल्ले घालायला जंगलासारखाच वाटतो. ऊसतोड सुरू झाली की फडात पिल्ले सापडतात. वनखात्याची माणसे येतात, पिल्ले तपासतात आणि संध्याकाळी त्याच जागी ठेवून दूर थांबतात. बहुतेकदा रात्रीत आई येऊन एकेक पिल्लू मानेला धरून घेऊन जाते. रामसर नोंदीत बिबट्याचा उल्लेख ठळक आहे. चंदनाचाही आहे, आणि पांढऱ्या पाठीच्या व लांब चोचीच्या अशा दोन अतिसंकटग्रस्त गिधाडांचाही.

त्याच नोंदीत एक मासा आहे, आणि माझ्या मते नाशिककरांनी वाघाइतका अभिमान बाळगावा असा तो जीव आहे. सुंदरलाल होरा आणि मिश्रा या शास्त्रज्ञांनी १९३८ साली देवळालीजवळच्या दारणा नदीतून या छोट्याशा माशाचे वर्णन प्रसिद्ध केले. शास्त्रीय नाव ‘पॅराप्सिलोऱ्हिंकस प्रेटेराय’. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे क्युरेटर एस. एच. प्रेटर यांच्या सन्मानार्थ. इंग्रजीत तो देवळालीच्याच नावाने ओळखला जातो. जगात इतरत्र कुठे तो असल्याचे माहीत नाही आणि आज तो अतिसंकटग्रस्त आहे. तोफखान्याची छावणी म्हणून देवळाली सगळ्यांना ठाऊक. या माशाची देवळाली फार थोड्यांना.

जानेवारी २०२० मध्ये भारतातल्या दहा नव्या पाणथळ जागा रामसर यादीत आल्याचे जाहीर झाले. त्यात नांदूर मधमेश्वर होते, आणि ते महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ ठरले. त्याच वर्षी लोणार आणि २०२२ मध्ये ठाण्याची खाडी यादीत आली. इराणमधल्या रामसर गावात २ फेब्रुवारी १९७१ रोजी झालेला हा करार जगभरातल्या पाणथळ जागा सुज्ञपणे वापरण्याची हमी सरकारांकडून घेतो. नांदूरच्या नोंदीत एकूण ५३६ प्रजाती आहेत. त्यात पक्षी २६५ हून अधिक, मासे २४. पक्ष्यांपैकी १४८ स्थलांतरी.

नोंदीत धोकेही लिहिले आहेत: पाण्याचा उपसा, वाढती वस्ती आणि पाणवेली. पाणवेल मूळची दक्षिण अमेरिकेची. वरून येणाऱ्या सांडपाण्यातले नत्र आणि स्फुरद मिळाले की ती इतक्या वेगाने वाढते, की आठवड्या-दोन आठवड्यांत दुप्पट जागा व्यापते. तिच्याखाली ऊन पोहोचत नाही, पाण्यातला प्राणवायू संपतो, पाणवनस्पती मरतात. म्हणजे तलवार आणि वारकऱ्यांचे अन्नच जाते. पुरात या वेलींचे डोंगर वाहत येऊन सायखेड्याच्या पुलाला अडकतात आणि पाणी गावाकडे फुगते. कमळपक्षी आणि जांभळ्या पाणकोंबड्या तिच्यावर चालतात, हे खरे, म्हणून ती एकजात उपटून टाका असे सरसकट म्हणता येणार नाही. पण मोकळे पाणी राखलेच पाहिजे. यंत्राने वेली काढणे हा वरवरचा उपाय आहे. नाशिकच्या सांडपाण्यावर शेवटच्या थेंबापर्यंत प्रक्रिया झाल्याशिवाय त्या परत येत राहणार.

गाळाचा प्रश्न याहून अवघड. पूर टाळायचा आणि साठा वाढवायचा तर गाळ काढा, ही मागणी जुनी आहे आणि काठावरच्या गावांना ती करण्याचा हक्क आहे. सरसकट सगळा तळ खरवडून सपाट आणि खोल केला तर मात्र बोटभर, वीतभर, हातभर पाण्याची ती सगळी उतरंड एका उन्हाळ्यात नाहीशी होईल, आणि ती पुन्हा तयार व्हायला आणखी शंभर पावसाळे लागतील. मधला मार्ग आहे. मुख्य प्रवाहाची जुनी वाट मोकळी करावी, म्हणजे पुराचे पाणी लवकर निघून जाईल. कडेचे उथळ चिखल, बेटे आणि त्यांवरच्या बाभळी यांना हात लावू नये. बगळे, पाणकावळे आणि अवाक पावसाळ्यात त्या बाभळींवर वसाहती करून राहतात. कोणता भाग काढायचा आणि कोणता राखायचा याचा नकाशा पाटबंधारे आणि वन या दोन्ही खात्यांनी गावकऱ्यांसमोर एकत्र बसून आखावा. आवर्तनाच्या तारखा ठरवतानाही नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात पातळी हळूहळू बदलेल एवढी काळजी घेतली, तर शेताचे पाणी एका थेंबानेही कमी न होता चिखलावरचे पक्षी टिकतील.

पाहायला जायचे तर नाशिकहून अंतर चाळीसेक किलोमीटर. रस्ता निफाडवरूनही आहे आणि सायखेड्यावरूनही. चापडगावला वनखात्याचे केंद्र आहे आणि पाण्याच्या काठाने निरीक्षण मनोरे आहेत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम. निफाडची थंडी महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा कधी कधी पाच अंशांच्याही खाली जातो आणि द्राक्षबागायतदार रात्री बागेत शेकोट्या पेटवतात, तेव्हा स्वेटर, कानटोपी विसरू नका. सूर्योदयाच्या आधी पोहोचा, भडक कपडे घालू नका, गावातलाच गाइड घ्या आणि पहिल्याच मनोऱ्यावर थांबून खोल पाण्याकडून काठाच्या चिखलाकडे दुर्बीण सावकाश सरकवा. मार्च उजाडला की उत्तरेकडचे थवे निघू लागतात. एप्रिलमध्ये गेलात तर हळदी-कुंकू बदक, जांभळी पाणकोंबडी, शेकाट्या हे इथलेच रहिवासी भेटतील, आणि पाऊस पडल्यावर गेलात तर लांब शेपटीचा नर कमळपक्षी पाण्यावरच्या पानांवर एकटाच अंडी उबवताना दिसेल, कारण या पक्ष्यात मादी अंडी घालून पुढच्या नराकडे निघून जाते.